झेंड्याला जबाबदार कोण?

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर १५ ऑगस्टला लावलेला तिरंगा सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला तरी तसाच होता. महिनाभराच्या पावसावाऱ्याने त्याची मोकळी कड उसवली होती, हिरव्या पट्ट्याच्या दोन धांदोट्या लोंबत होत्या आणि केशरी रंग इतका उतरला होता की खालून पाहताना तो पांढऱ्यापासून वेगळा ओळखू येत नव्हता. मी सोसायटीच्या ग्रुपवर विषय काढला, तेव्हा एका सभासदांनी ध्वज आता रात्रंदिवस ठेवता येतो, हा नियम दाखवला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जुलै २०२२ मधील दुरुस्तीने नागरिकांसाठी सूर्यास्ताला ध्वज उतरवण्याचे बंधन उरले नाही. परंतु फाटलेला ध्वज लावू नये आणि खराब झालेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा, हेही त्याच ध्वजसंहितेत लिहिलेले आहे. मग तो उतरवायचा कोणी, असे मी विचारले आणि ग्रुपवर कोणीच काही बोलले नाही.

मला हा प्रश्न नवा नाही, कारण न्हावा-शेवा बंदरात शिपिंग एजन्सीच्या नोकरीत माझी बरीच वर्षे गेली आणि तिथे झेंड्याचा अर्थच मुळी ‘जबाबदार कोण’ असा असतो. जहाजाच्या पिछाडीवर नावाखाली नोंदणीच्या बंदराचे नाव रंगवलेले असते आणि त्याच देशाचा झेंडा तिथे फडकतो. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या १९८२ च्या करारानुसार ज्या देशाचा झेंडा लावण्याचा हक्क जहाजाला आहे, त्या देशाचे ते जहाज. आणि भर समुद्रात त्यावर, काही अपवाद सोडले तर, त्याच देशाचा कायदा चालतो. जहाज सुरक्षित आहे की नाही, खलाशांना पगार मिळतो की नाही, कोणी जखमी झाला तर त्याचे काय, या सगळ्याची विचारणा शेवटी त्या झेंड्यापाशी येते. आपल्या व्यापारी जहाजांचा झेंडा लाल असून त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा असतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यापैकीही अनेकांना ठाऊक नसते.

दुर्दैवाने याच झेंड्याचा बाजार झाला. जहाजाचा मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्याच देशांचे आणि झेंडा पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांचा, ही आज नेहमीची गोष्ट आहे. जगातील जहाजांच्या एकूण मालवाहू क्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षमता या तीन झेंड्यांखाली आहे. लायबेरियाच्या नोंदणीचे कामकाज तर अमेरिकेतील व्हर्जिनियातून चालते, आणि जिला समुद्रकिनाराच नाही अशा मंगोलियाचीही जहाजनोंदणी आहे. अशा झेंड्याखालचे प्रत्येक जहाज वाईट असते असे मी म्हणणार नाही. उत्तम व्यवस्थापनाची अनेक जहाजे मी स्वतः पाहिली आहेत. मात्र नांगरावर उभे असलेले एक जहाजही माझ्या आठवणीत आहे. त्यावरच्या खलाशांना चार महिने पगार नव्हता. त्यांतला एक रत्नागिरीकडचा मुलगा मला गँगवेपाशी, म्हणजे जहाजात चढायच्या शिडीपाशी, गाठून विचारत होता, “साहेब, तक्रार नक्की कोणाकडे करायची?” मी वर झेंड्याकडे पाहिले. त्या देशाच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलेले नव्हते. त्या क्षणी तो झेंडा मला निव्वळ कापड वाटला, आणि आजही त्याची आठवण झाली की जीव तुटतो. पुढे सागरी श्रम करारात दुरुस्ती झाली आणि ती २०१७ पासून लागू झाली. त्यानुसार दोन महिने पगार थकला तरी खलाशांना वाऱ्यावर सोडले असे धरले जाते आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च यांची आर्थिक हमी जहाजावर असावीच लागते. झेंड्यामागे उभे राहणारे कोणी नसेल, तर तिथे असे विम्याचे कागद उभे करावे लागतात.

याच नोकरीतला दुसरा अनुभव अगदी वेगळा आहे. परदेशी जहाज आपल्या बंदरात येते, तेव्हा आदर म्हणून डोलकाठीवर आपला तिरंगा लावते. एकदा एका जहाजाचा तिरंगा खाऱ्या वाऱ्याने चिंध्या झालेला दिसला. मी काही बोलण्याआधीच फिलिपिनो थर्ड मेट (जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी) पुढे आला, क्षमा मागून म्हणाला की त्यांच्याकडचा शेवटचा झेंडा तोच होता, आणि नवा मिळेल का असे त्याने विचारले. मी दुपारी नवा घेऊन गेलो. त्याने टोपी काढली, जुना झेंडा जमिनीला लागू न देता हातावर घेतला, नवा चढवला आणि दोरी दोनदा ओढून गाठ पक्की आहे ना ते पाहिले. तो देश त्याचा नव्हता. पण जहाजावरच्या झेंड्यांचे काम त्याच्या नावावर होते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये ध्वज सन्मानाने फडकवणे हा नागरिकांचा मूलभूत हक्क मानला, याचा मला मनापासून आनंद आहे. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात लोक ज्यासाठी तुरुंगात गेले आणि १९४२ मध्ये नंदुरबारला शिरीषकुमारने ज्यासाठी गोळी झेलली, तो झेंडा आज माझ्या गच्चीवर लागतो. म्हणूनच तो ‘सोसायटीचा’ आहे, म्हणजे कोणाचाच नाही, ही अवस्था मला सहन होत नाही.

रविवारी सकाळी वॉचमनकाका आणि मी मिळून तो उतरवला आणि नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावली. नवा ध्वज ऑफिसच्या कपाटात घडी करून ठेवला आहे. शेजारी एक वही आहे, तिच्यात तारीख, चढवणाऱ्याचे नाव आणि उतरवणाऱ्याचे नाव असे तीन रकाने आखले आहेत. २६ जानेवारीच्या ओळीत चढवणाऱ्याचे नाव चेअरमन साहेबांनी आधीच लिहिले आहे. उतरवणाऱ्याचा रकाना अजून रिकामा आहे. आपल्या इमारतीतील कोणी पुढे येणार असेल तर मला कळवावे.