मोठी स्क्रीन, तरीही वायर: एका प्रतिक्रियेला उत्तर

फोनमधील नकाशे, गाणी आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या दोन सोयी आहेत: अँड्रॉइड फोनसाठी अँड्रॉइड ऑटो आणि आयफोनसाठी कारप्ले. त्यांसाठी गाडीत फोन वायरशिवाय जोडता येतो का, हे खरेदीपूर्वी कसे तपासावे, यावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. ‘वरचे व्हेरिएंट आणि मोठी स्क्रीन घेतली की वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले मिळतेच’ हे माझे वाक्य चुकीचे आहे, कारण आपल्या टॉप व्हेरिएंटला वायर लागते आणि आपल्या बहिणीच्या त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटला लागत नाही, हा पहिला. गाडीत ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही असताना कंपनी ही सोय मुद्दाम बंद ठेवते आणि मी त्यावर गप्प बसलो, हा दुसरा. वायरची जोडणी वायरलेस करणारा छोटा अडॅप्टर बाजारात मिळत असताना एवढ्या तपासणीचा खटाटोप कशाला, हा तिसरा.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि ते वाक्य मी लेखातून काढले आहे. माझी स्वतःची गाडी आणि दोन मित्रांच्या गाड्या पाहून मी शितावरून भाताची परीक्षा केली. पण तो भात एका पातेल्यातला नव्हता. ह्युंदाई आणि किया यांच्या भारतातील अनेक गाड्यांमध्ये बरीच वर्षे नेमके उलटे चित्र राहिले आहे: ८ इंची स्क्रीनवर वायरलेस, तर कंपनीचे स्वतःचे नेव्हिगेशन असलेल्या १०.२५ इंची स्क्रीनवर वायर. ही गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. स्क्रीनच्या आकाराचा आणि तिच्यामागच्या हेड युनिटच्या, म्हणजे ती चालवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, क्षमतेचा थेट संबंध नसतो. शिवाय एकाच गाडीत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांची स्थितीही सारखी असेलच असे नाही. बीएमडब्ल्यूने वायरलेस कारप्ले आधी दिले आणि अँड्रॉइड ऑटो मात्र २०२० मध्ये आणले, त्यामुळे मधली काही वर्षे एकाच गाडीत आयफोनवाल्याची सोय होती आणि अँड्रॉइडवाल्याची नव्हती.

दुसऱ्या आक्षेपाशी मी अर्धाच सहमत आहे. ब्लूटूथ असणे हा वायरलेस सोयीचा पुरावा नव्हे. गाडीच्या स्क्रीनवर दिसणारा नकाशा फोनमध्येच तयार होतो आणि व्हिडिओच्या रूपात सतत गाडीकडे पाठवला जातो. सेकंदाला फार तर ३ मेगाबिट वेगाच्या ब्लूटूथला हे ओझे पेलत नाही. म्हणून ब्लूटूथ फक्त ओळख पटवून देते, आणि त्यानंतर फोन गाडीने निर्माण केलेल्या वाय-फाय जाळ्यात, सहसा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, शिरतो. आता आपल्या सेटिंग्जमध्ये दिसणारे वाय-फाय कशासाठी आहे, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ गाड्यांत ते केवळ फोनच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट घेऊन नकाशे किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापुरते असते. त्यामुळे मेनूत ‘वाय-फाय’ हा शब्द दिसला म्हणून कंपनीने कुलूप लावले आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. तरीही आपला संशय अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये आलेल्या नव्या बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटना सुरुवातीला वायर लागत असे, आणि त्याच वर्षी मारुतीने सॉफ्टवेअर अपडेटद्वारे त्याच गाड्यांना वायरलेस सोय दिली. म्हणजे यंत्र तयार होते, सॉफ्टवेअर मागे होते. आपल्या गाडीचे असे आहे की नाही, हे तिच्या मॉडेलसाठी अपडेट आले आहे का, एवढ्यावरूनच कळेल.

अडॅप्टरबाबत मात्र आपले म्हणणे धोक्याचे वाटते. ज्या गाडीत वायरने कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आधीच चालते, तिथेच तो उपयोगी पडतो. कारण गाडीला तो वायर लावलेला फोनच वाटतो. ज्या गाडीत फक्त ब्लूटूथवर गाणी वाजतात, तिथे तो निव्वळ शोभेची वस्तू ठरतो. तो यूएसबीच्या डेटा पोर्टमध्येच लावावा लागतो, आणि गाडीतली काही पोर्ट केवळ चार्जिंगची असतात. ह्युंदाईने आता काही मॉडेलांबरोबर असा अडॅप्टर स्वतःच द्यायला सुरुवात केली आहे. त्यामुळे ब्रोशरमध्ये ‘वायरलेस’ वाचल्यावर ते हेड युनिटचे वर्णन आहे की अडॅप्टरचे, हे विचारून घ्यावे.

याच कारणाने मी तपासणीचा आग्रह सोडत नाही. फक्त तिची पद्धत सुधारतो. टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा टॉप व्हेरिएंटची असते, आणि आपल्या अनुभवावरून दिसते की तिच्यावरून खालच्या किंवा मधल्या व्हेरिएंटविषयी काहीच सिद्ध होत नाही. म्हणून जे व्हेरिएंट घ्यायचे तेच शोरूममध्ये उघडून मागावे, विक्रेत्याचा फोन बाजूला ठेवून स्वतःचा जोडावा, आणि कनेक्शन आले की वायर काढून इंजिन बंद-चालू करून पुन्हा पाहावे. काही गाड्यांत पहिली जोडणी वायरनेच करावी लागते, तेव्हा सुरुवातीला वायर मागितली म्हणून निराश होऊ नये. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले या क्रमाने गेल्यावर आणि गाडीच्या स्टिअरिंगवरील बोलून आज्ञा देण्याचे (व्हॉइस कमांडचे) बटण दाबून धरल्यावर गाडीचे नाव यादीत येते का, ते पाहावे.

फोनची बाजू मूळ लेखात मी एका ओळीत गुंडाळली होती, हीदेखील माझी चूक. अँड्रॉइड फोनला सर्वसाधारणपणे अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय लागते. काही स्वस्त फोनमध्ये केवळ २.४ गिगाहर्ट्झ असते, आणि मग दोष गाडीला दिला जातो. घरचा राउटर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव देत असूनही ते फोनच्या यादीत दिसत नसेल, तर शोरूमला जाण्यापूर्वीच उत्तर मिळाले. सगळे जुळत असूनही जोडणी तुटत असेल, तर फोनमधील व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि बॅटरी सेव्हर बंद करून पाहावेत.

आपली गाडी वायरने अँड्रॉइड ऑटो चालवते, असे आपण लिहिले आहे. तेव्हा आपल्यापुरता अडॅप्टरचा मार्ग खुला आहे. पण त्याआधी सर्व्हिस सेंटरला हेड युनिटच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती दाखवून नवे अपडेट आहे का, एवढे विचारावे, आणि जे उत्तर मिळेल ते इथे कळवावे. ते मी लेखात जोडेन.