सोमवारी अजिंठा? गेटवरूनच परत याल
लेखातला अजिंठा-वेरूळ ते ताडोबा सहलीचा बाकी प्लॅन झकास आहे पण त्यात सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ टाकलंय ते आधी बदला राव, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, म्हणजे तुमचे दोन्ही दिवस बोंबलले! नुसती अदलाबदल केली की काम झालं. सोमवारी वेरूळ, जाताजाता दौलताबाद, मंगळवारी अजिंठा. आणि ताडोबाच्या कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागातली सफारीपण मंगळवारी बंद असते, त्यामुळे उलटीकडून, म्हणजे नागपूरहून निघणाऱ्यांनी पण वार बघूनच बुकिंग करा.

दुसरं म्हणजे अजिंठ्याला 'दोन तास पुरे' असं लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. संभाजीनगरहून १०० किमी, त्यात आपली गाडी फर्दापूर फाट्यालाच लावावी लागते, पुढे ४ किमी तिथली बस, तिची लाईन, मग पायऱ्या. आम्ही आईला घेऊन गेलेलो, तिला चढायलाच वेळ लागला. आणि १ नंबरच्या लेणीत बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी काही म्हणजे काहीच दिसत नाही, लोक मोबाईल वर करून फोटो काढतात न निघून जातात. जरा थांबलं, डोळे सरावले की मग भिंतीवरच्या चित्रातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ, मुकुटाचं बारीक काम हळूहळू दिसायला लागतं. २६ नंबरचा महापरिनिर्वाणातला, म्हणजे देह ठेवतानाचा आडवा बुद्ध तर पार शेवटाला आहे, घाईवाले तिथवर पोचतच नाहीत. अर्धा दिवस तरी ठेवा, लोणारचं सरोवर त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी करा.