रोमन काळातलं शिसं कुणी मोजलं?

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हवा मोजायची यंत्रं कालपरवा आली, मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या, रोमन काळातल्या शिशाच्या प्रदूषणाचे आकडे आले कुठून? चिखल उकरून काय कळणार? आणि धूळ तर आधीपासून उडतच होती, माणसाचा वाटा किरकोळ.

यंत्र नव्हतं, कबूल. पण स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांत एतां द ला ग्र्युएर नावाची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची, दलदल आहे. तिथलं स्फॅग्नम शेवाळ मेल्यावर आम्लट, प्राणवायू नसलेल्या पाण्यात धड कुजत नाही. त्याच्याच डोक्यावर नवं वाढतं. थर साचत दलदल मधे फुगते, मग ओढ्याचं किंवा जमिनीतलं पाणी वरच्या शेवाळापर्यंत चढत नाही. त्याला मिळतं ते फक्त आकाशातून पडलेलं. विल्यम शोटिक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली याच थरांतून कार्बन-१४च्या (जुन्या सेंद्रिय वस्तूंचं वय सांगणाऱ्या किरणोत्सारी कार्बनच्या) हिशेबाने १२,३७० वर्षांची शिशाची नोंद मांडली.

आता ‘चिखल’. सगळं कालवलं गेलं असेल, ही शंका रास्तच आहे. जस्त पीटमध्ये खरोखरच वरखाली सरकतं. शिसं मात्र सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून राहतं, म्हणून तर ते निवडलं. जुन्या थरांचं वय कार्बन-१४ने काढतात, वरच्या कोवळ्या थरांचं शिसे-२१० या किरणोत्सारी शिशाने; त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण २२ वर्षं. हां, जळणासाठी कुणी वरचं पीट कापून नेलं असेल, तर वहीची तेवढी पानं गेलीच.

धुळीचा मुद्दा तर याच संशोधकांनी आधी तपासला. हिमयुग सरताना थंडी परतली तेव्हा शिसं वाढलेलं दिसतं, पुढे जंगलतोड आणि नांगरटीने माती उडू लागली तेव्हाही. पण धुळीत स्कँडियम नावाचं मूलद्रव्यही असतं, आणि ते काही शिशाच्या भट्टीतून येत नाही. दोन्ही जोडीने वाढली तर धूळ. शिसं एकटंच चढलं तर भट्टी. सुमारे ३००० वर्षांपूर्वीपासून ते एकटंच चढू लागतं. रोमन लोकांना शिशापेक्षा चांदी हवी होती. ती ज्या खनिजातून काढत, त्यातच शिसं ठासून भरलेलं, आणि ते भट्टीच्या धुरासोबत हवेत जाई. शिवाय शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंचं, प्रमाण खाणीगणिक बदलतं; थरातल्या शिशात ते मोजलं की खाणीचा माग लागतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खनिजात शिसे-२०६ आणि शिसे-२०७ यांचं गुणोत्तर १.०४च्या आसपास, ब्रिटन-जर्मनीच्या बऱ्याच खनिजांत १.१७-१.१८. धुळीच्या नावावर हे कसं खपवणार?

राहिलं ‘किरकोळ’. निसर्गतः इथे दर चौरस मीटरवर वर्षाला ०.०१ मिलिग्रॅम शिसं पडायचं. १९७९ साली १५.७ पडलं, म्हणजे १,५७० पट! तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं सर्रास घालत. पुढे ते काढत नेलं, आणि त्याच दलदलीच्या सगळ्यात वरच्या थरांत आकडा पुन्हा उतरू लागलेला दिसतो.