दादा, तुमच्या ओल्या कार्पेटबद्दल आणि सनरूफबद्दल

दादा नमस्कार, सनरूफच्या, म्हणजे गाडीच्या छतातल्या उघडणाऱ्या काचेच्या, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात त्या मोकळ्या ठेवा या माझ्या लेखावरची तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी सनरूफवाल्यांना उगाच घाबरवतोय, नाशिकला पाऊस असतो तरी किती, रबर चांगलं असलं की पाणी येत नाही आणि आलंच तर कडेने सिलिकॉन मारून टाकायचं, नळ्यांमध्ये हवा मारायचं घरी करत बसलं तर लोक गाडीची वाट लावतील. आणि शेवटी लिहिलंय की तुमच्या गाडीत पावसाळ्यात ड्रायव्हर साइडचं कार्पेट ओलं राहतं, पण सनरूफमधून आजवर एक थेंब पडलेला नाही, मग त्याचा सनरूफशी काय संबंध?

हवेचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी नुसतं "हवा मारून नळी मोकळी करा" एवढं लिहून पुढे गेलो होतो आणि ते अर्धवट होतं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तिथे लावला तर वरच्या बाजूला नळी जिथे फ्रेमच्या तोटीवर नुसती दाबून बसवलेली असते तिथून ती निसटते, आणि मग सगळं पाणी सरळ छताच्या कापडात जातं. ते बिघडलं की छत उतरवल्याशिवाय दुरुस्ती नाही. ती ओळ मी मूळ लेखातून काढली, लक्षात आणून दिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

पण रबराचं मात्र मला मान्य नाही आणि माझा सगळा लेख त्याच एका गोष्टीसाठी होता. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवायला बनवलेलंच नसतं हो. ते बरंचसं पाणी बाहेर ठेवतं, पण थोडं आत येणार हे कंपनीने आधीच धरलेलं असतं, म्हणून काचेच्या खाली चारी बाजूंनी पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खाली उतरतात, साधारण करंगळीएवढ्या जाडीच्या. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबातून, ज्याला ए-पिलर म्हणतात, दाराच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या आत सुटतात, आणि मागच्या दोन नळ्या मागच्या खांबातून बंपर किंवा चाकाच्या बाजूला. आपल्या गच्चीचंच बघा ना, स्लॅबवर पाऊस पडणारच, तो आपण थांबवत नाही, उतार देतो आणि कोपऱ्यात पाईप ठेवतो. त्या पाईपच्या तोंडाशी पाचोळा बसला की पाणी तुंबतं आणि खालच्या खोलीत ओल येते. मग आपण आधी पाचोळा काढतो की गच्चीवर छत घालायला निघतो?

सिलिकॉनचा अनुभव मी स्वतः घेतलाय म्हणून एवढं तळमळीने सांगतोय. मागच्या ऑगस्टमध्ये सकाळी काचा आतून धुकट दिसायला लागल्या, एसीचा वास कुबट, मग एका वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी रबर गेलंय म्हणून काचेभोवती सिलिकॉन फिरवलं. आठ दिवसांनी त्र्यंबकहून परत येताना ब्रेक मारला आणि आरशाजवळच्या दिव्यातून पाणी माझ्या मांडीवर. बायको मागे लेकीला घेऊन बसली होती, ती घाबरली, मीपण घाबरलो कारण त्या छतात दिव्याच्या वायरी असतात आणि कडेने एअरबॅग असते. झालं असं होतं की सिलिकॉनमुळे वरून काच उघडायची बंद झाली, पाणी कुठून तरी आत येतच होतं आणि खालची नळी तुंबलेली ती तुंबलेलीच. शेवटी दुसऱ्या एका कारागिराने ते सगळं खरवडून काढलं, डाव्या पुढच्या नळीच्या तोंडातून चिमूटभर काळा चिखल काढला, त्यात गुलमोहराची ती बारीक बारीक पानं जशीच्या तशी होती. गाडी उन्हाळाभर गुलमोहराखाली लागते, सावली बघून आपण सगळेच लावतो, पण गुलमोहर, चिंच, कडुलिंबाचा मोहोर, हे सगळं इतकं बारीक असतं की काचेच्या फटीतून आरामात आत जातं. मे महिन्यातली धूळ त्यावर बसते आणि जूनच्या पहिल्या पावसात त्याचा गारा होतो.

आता नाशिकला पाऊस किती. शहरात वर्षाला ७००-८०० मिलिमीटरच्या आसपास, मान्य आहे, पण आपला पाऊस दिवसदिवस झिमझिम लागून राहतो आणि अर्धवट तुंबलेली नळीसुद्धा तेवढं पाणी हळूहळू वाहून नेते, म्हणून आपल्याला कळतच नाही. मग रविवारी आपण निघतो पहिन्याला, त्र्यंबकला, इगतपुरीला, जिथे शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, इगतपुरीला तर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, आणि तासाभरात पन्हळ भरून वाहते. गोदावरीच्या पात्रात रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी लागतं ते काय शहरातल्या पावसाने थोडंच लागतं, तो वरचा पाऊस असतो, धरणातून सोडलेला. गाडीचंही तसंच आहे, ती नुसती कॉलेज रोडवर फिरत नाही ना.

आणि आता तुमचं कार्पेट, मला खरी काळजी त्याची वाटली. थेंब पडत नाही हे सनरूफ बरं असल्याचं लक्षण नाही दादा. पुढची उजवी नळी तुंबली किंवा खालच्या बाजूला सैल झाली तर पाणी छतातून टपकत नाही, खांबाच्या आतून गुपचूप उतरतं आणि थेट ड्रायव्हरच्या पायाखाली जातं. एसीचं पाणी म्हणावं तर ते बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, शेजारच्या सीटच्या पायाशी येतं, आणि ते कडक उन्हातही येतं, स्वच्छ असतं. तुमचं फक्त पावसाळ्यात आणि उजवीकडे आहे. अर्थात वायपरखालची जाळी पानांनी भरली असेल किंवा पुढची काच कधी बदलली असेल तरी तिथेच ओल येते, म्हणून बघितल्याशिवाय खात्रीने सांगत नाही. पण बघणं सोपं आहे. प्रेशर वॉशरने मात्र तपासू नका, त्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी घुसतं आणि उत्तर काहीच मिळत नाही.

गाडी सपाट जागेवर लावा, काच पूर्ण उघडा, पन्हळीतला पाचोळा ओल्या फडक्याने काढा, मग उजव्या पुढच्या कोपऱ्यात कपभर पाणी अगदी हळू ओता आणि कुणाला तरी पुढच्या चाकाजवळ आणि दाराच्या बिजागरीजवळ बघायला सांगा. लगेच धार आली तर नळी मोकळी. उशिरा टिपटिप आली किंवा पाणी वरच साचलं तर तुंबलीय. घरी करायचं असेल तर ग्रास कटरला लावतात ती नायलॉनची दोरी कृषी दुकानात मिळते, तिचं टोक लायटरने गोल करून घ्या, हळू हळू सारा, अडली की जोर नको, परत ओढा. लोखंडी तार अजिबात नको, नळी फाटते. काही गाड्यांत खालच्या टोकाला रबराची चिरलेली टोपी असते, चिखल तिथेच अडकतो, ती बोटांनी चिमटली तरी काम होतं. एवढं करून नाही सुटली तर वर्कशॉपला द्या, पण रबर बदला असं न सांगता नळी तपासा असं स्पष्ट सांगा. खांबाचं आतलं कव्हर स्वतः उघडू नका, तिथेच एअरबॅग असू शकते.

रबराला हात लावायचाच तर नुसतं पुसा आणि सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन फिरवा. तो स्प्रे आणि चिकटवायचं सिलिकॉन यात लोकांची गल्लत होते, दोन्ही पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. व्हॅसलीन, ग्रीस, जुनं इंजिन ऑइल रबराला चालत नाही, फुगतं ते.

आणि पाणी थांबलं तरी कार्पेट वरवर कोरडं दिसतं म्हणून फसू नका. त्याच्याखाली जाड फोम असतो, तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो, बुरशी तिथूनच येते आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंग त्याच्याच खालून गेलेलं असतं. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचला, फोम दाबून बघा. पाणी निघालं तर सीट काढून सगळं उन्हात टाकायला लागेल, आणि सध्या ऊन नाही म्हणून पंखा लावून दोन-तीन दिवस तरी द्या.

गाडी कोणती आहे ते लिहा दादा, आणि पार्किंग उताराला आहे का तेही. नाक खाली करून लावत असाल तर सगळं पाणी पुढच्याच दोन नळ्यांवर येतं. कपभर पाणी ओतून बघितल्यावर धार आली की नाही ते इथेच कळवा, मी वाट बघतोय.