एक स्टार देणाऱ्या दादांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की सव्वासहा फुटी पोराला तिरंदाजीच्या धनुष्याच्या आखूड लिम्ब्स (वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्या) गळ्यात मारल्या, ओढायला ३४ पौंड सांगून ४० निघाले, खांदा दुखतोय, बाण क्लिकरमधून (पूर्ण ओढ झाली की टक् वाजणाऱ्या पट्टीतून) सुटत नाही आणि सुटला तर उजवीकडे जातो, साडेनऊ हजार पाण्यात गेले, परत द्यायला आलो तर दुपारी शटर बंद. आणि शेवटी, "दुकानातल्या बाईंनी माप न घेताच माल खपवला."

मुलाच्या खांद्याला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. माझा मुलगाही त्याच वयाचा आहे. दुपारी तुम्हाला हेलपाटा पडला, त्याचीही माफी.

पण "माप न घेताच" हे तीन शब्द मला दोन रात्री झोपू देईनात. ती बाई मीच, आणि माप मी स्वतः घेतलंय.

तो शनिवार होता. खडे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती आणि दुकानात एका शाळेच्या लेझीमची ऑर्डर अर्धवट बांधून पडली होती. ती तशीच टाकून मी उठले. मुलाला भिंतीला टेकून हात पसरायला सांगितले. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७७.५ इंच भरले. टेपचं दुसरं टोक तुमच्याच हातात होतं, दादा. त्याला अडीचने भागलं की ओढीची लांबी ३१ इंच येते. हा झाला अंदाज, आणि नुसत्या अंदाजावर मी कुणालाच लिम्ब्स देत नाही. म्हणून सरावाचं हलकं धनुष्य दिलं, खुणा केलेला लांब बाण लावला आणि तीनदा ओढायला लावलं. पहिल्यांदा त्याने खांदा वर उचलला, तो आकडा मी धरलाच नाही. पुढच्या दोन्ही वेळा दोरी हनुवटीखाली नीट आली, तेव्हा नॉकच्या (बाणाच्या शेपटाकडच्या) खाचेपासून मुठीच्या खोलगट जागेपर्यंत सव्वा २९ इंच भरले. त्यात पावणेदोन इंच मिळवायचे असतात. म्हणजे पुन्हा ३१च. तो आकडा बिलाच्या मागे माझ्या अक्षरात आहे, काढून बघा.

आणि ३१ आले तेव्हाच मी म्हटलं की याला मीडियम नको. २५ इंची रायझरला (धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाला) शॉर्ट लिम्ब्स लावल्या तर धनुष्य ६६ इंची होतं, मीडियमने ६८, लाँगने ७०. २८-२९ इंच ओढणाऱ्याला ६८ छान बसतं. ३१ ओढणाऱ्याला ७० लागतं, आणि पोर अजून वाढणार असेल तर २७ इंची रायझर घेऊन ७२ सुद्धा चालतं. आखूड धनुष्य तेवढं ओढलं की शेवटच्या दीड-दोन इंचांत लिम्ब्स अडून बसतात, ओढ एकदम जड होते आणि दोरीचा कोन अरुंद होऊन बोटं चिमटतात. बाण क्लिकरमधून सुटत नाही तो यामुळेच.

लाँग दुकानात नव्हत्या. तुमच्यासमोर बेंगळुरूला फोन लावला, स्पीकरवर. "हत्तु दिना" हे उत्तर तुम्ही ऐकलंत, कानडी तुम्हालाही येतं. तुम्ही म्हणालात की पुढच्या रविवारी निवड चाचणी आहे, दहा दिवस थांबता येणार नाही, पाचची गाडी पण गाठायचीय. मग मी म्हटलं, मीडियमच न्यायच्या तर निदान २८ पौंडाच्या न्या. लिम्ब्सवर छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. त्यापुढे दर इंचाला साधारण दोन पौंड चढतात, म्हणजे २८च्या लिम्ब्स तुमच्या मुलाच्या हातात ३४च्या आसपास जातात. त्याला शिकवणाऱ्या सरांनी ३४ सांगितले ते बोटांवर येणारे ३४. त्यावर तुमचं म्हणणं असं की शेजारच्या पोराच्या ३४च्या आहेत, आमचा त्याच्यापेक्षा वीतभर उंच, आणि त्याला २८च्या? दादा, ते पोर २८ इंचच ओढतं, म्हणून त्याला ३४ ते ३४च पडतात. उंच पोराला छापील आकडा कमीच घ्यावा लागतो, यात कमीपणा काही नाही.

इथे मात्र माझी चूक झाली, ती मी कबूल करते. तोंडाने सांगितलं, पण बिलावर "हातात ४० पडतील" असं लिहिलं नाही. तुम्ही घाईत होता, मी गर्दीत, आणि मी ३४च्या बांधून दिल्या. नाही म्हणायला हवं होतं. एका बाणामागे सहा पौंड जास्त. पोर दिवसाला १२० बाण मारत असेल तर ७२० पौंड झाले, जवळजवळ सव्वातीन क्विंटल. तुम्ही ऊसवाले, हा हिशोब तुम्हाला लगेच पटला असता. तो मी त्या दिवशी मांडला नाही.

बाण उजवीकडे जातात त्याचंही मूळ तेच. वजन चढलं, त्यात बाण लांब, म्हणून नळी जास्त वाकते. उजव्या हाताने मारणाऱ्याचा असा बाण उजवीकडे जातो. बाण वाईट नाहीत.

परत का घेतल्या नाहीत, तेही सांगते. खालच्या लिम्बला पीळ पडलाय. पाय अडकवून दोरी चढवली की असं होतं. त्यासाठीच पिशवीत दोरी चढवायचा स्ट्रिंगर दिला होता, तो तुम्ही आणलात तेव्हाही पाकिटातच होता. असा माल पुरवठादार माझ्याकडून घेत नाही.

दादा, सासऱ्यांच्या काळापासून बॅट, कॅरम, लेझीम विकणारं हे दुकान. तिरंदाजीचं सामान मी सुरू केलं, ते कर्ज काढून. काल एका मुलीच्या आईने फोनवर तुमचा रिव्ह्यू मला वाचून दाखवला आणि म्हणाली, मग आम्ही येऊ की नको? मला काय बोलावं सुचेना.

यापुढे बिलावर ओढीचं माप आणि हातात पडणारे पौंड दोन्ही लिहायचं ठरवलंय. लाँगच्या एक-दोन जोड्याही ठेवायचं बघते, भांडवल जुळलं की. तुमच्यासाठी मात्र आत्ताच करण्यासारखं आहे ते करते. मुलाला आणि धनुष्याला घेऊन या. रायझरचे बोल्ट सैल करून दोनेक पौंड उतरवता येतात का बघू. पूर्ण सहा उतरणार नाहीत, खोटं कशाला सांगू. पीळ निघतोय का तेही बघते. लाँग २८ मागवल्या तर त्यावर मी माझा नफा घेणार नाही. तोवर खांदा दुखतोय तर त्याला या धनुष्यावर ओढायला लावू नका, माझ्याकडचं सरावाचं हलकं धनुष्य घेऊन जा, भाडं नको.

दुकान दीड ते चार बंद असतं. तुम्ही लांबून येता, दुपारीच पोचणार असाल तर निघताना फोन करा, मी शटर उघडून बसते.