पहाटेचं पडणं आणि दुपारपर्यंत न गेलेला फोन

नमस्कार.

आमच्या या वृद्धांच्या घराबद्दल तुम्ही लिहिलेला अभिप्राय परवा वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. आई पहाटे खोलीत पडल्या आणि तुम्हाला ते दुपारी कळलं. पलंगाला कठडे नाहीत. रात्र रात्र जागतात तरी झोपेची गोळी मिळत नाही. दोन दोन दिवस अंघोळ होत नाही. संध्याकाळी भेटायला आलात तर दाराशी उभ्या राहून "मला घरी ने" म्हणत होत्या. आणि जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंना आमच्या मुली सरसकट 'आजी' म्हणतात. शेवटी तुम्ही विचारलंय, "माणसं सांभाळता की सामान?"

आईंच्या तब्येतीबद्दल तुम्ही स्वतः लिहिलंय त्यापलीकडे इथे काही लिहिणार नाही. तो त्यांचा खासगी मामला आहे. आमच्या घराची पद्धत काय, एवढंच सांगतो.

फोनचं आधी. तिथे सपशेल चूक आमची आहे. रात्रपाळीच्या मावशींनी ५ वाजून १० मिनिटांनी वहीत नोंद केली, घाईने उचललं नाही, डोक्याला मार नाही ना ते पाहिलं, सिस्टरना उठवलं, रक्तदाब घेतला, डॉक्टरांना विचारलं. सगळं झालं, तुम्हाला कळवणं तेवढं राहिलं. रात्रीच्यांना वाटलं सकाळचे करतील, सकाळच्यांना वाटलं रात्रीच झाला असेल. १२ वाजून ४० मिनिटांनी तुम्ही भलत्याच कामासाठी फोन केलात तेव्हा तो विषय निघाला. साडेसात तास. याला माझ्याकडे सबब नाही. आता जी व्यक्ती पडलेल्या माणसाजवळ पहिली पोहोचते, तिनेच तासाभरात घरी फोन करायचा, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. वहीत त्याचा वेगळा रकाना केलाय आणि तो कोरा असला तर पाळी बदलताना सही होत नाही. (दोन घरांनी "रात्री उगाच उठवू नका" असं कळवलंय. त्यांच्याकडून ते लेखी घेतलं.)

कठड्यांबद्दल मात्र तुम्हाला तोंडी दिलं तेच उत्तर आजही देतो: लावणार नाही. चालता येणाऱ्या माणसाला रात्री लघवीला जायचं असतं. कठडा दिसला म्हणून तो थांबत नाही, त्यावरून चढतो, आणि मग पलंगाच्या नाही तर कठड्याच्या उंचीवरून पडतो. कठडा आणि गादी यांच्या फटीत मान किंवा छाती अडकून माणसं दगावलेली आहेत. त्यापेक्षा आम्ही पलंग अगदी खाली घेतो, जमिनीलगत मंद दिवा ठेवतो आणि उठल्यावर लगेच उभं न राहता काठावर दोन मिनिटं बसायला लावतो, कारण झटकन उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. एवढं करूनही पडणं पूर्ण थांबत नाही. आमच्याकडे अकरा जण राहतात. त्यांच्यातलं कोणीतरी पुन्हा कधीतरी पडणार. हे प्रवेशाच्या वेळी मी तुम्हाला इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं.

कोणी पडूच नये याचा खात्रीचा उपाय एकच, उठूच द्यायचं नाही. त्याची किंमत काय असते? २००७ सालच्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं मांस सरासरी जवळजवळ किलोभर घटलं. आणि ते सगळे मुळात निरोगी होते.

गोळीचंही तसंच. झोपेची बरीचशी औषधं, वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या बीअर्स यादीत आहेत. ही यादी १९९१ पासून निघते आणि वेळोवेळी सुधारली जाते. गोळीची गुंगी पहाटेपर्यंत उरते आणि माणूस नेमका तेव्हाच उठतो. डॉक्टरांनी लिहून दिली तर देऊ, पण ती मागायला मी जाणार नाही. रात्री कोणी जागं असलं तर मावशी शेजारी बसतात. जागरण हा काही गुन्हा नाही.

अंघोळीला कोणी नको म्हणालं तर ओढून नेत नाही. डोक्यावर अचानक पाणी आलं की घाबरणारी माणसं असतात. तासाभराने पुन्हा विचारतो, नाहीच तर ओल्या टॉवेलने अंग पुसून कपडे बदलतो. मात्र त्या दोन दिवसांत अंग पुसल्याची नोंद वहीत एकदाच आहे, म्हणजे तुमची तक्रार निम्मी तरी खरी.

दाराशी उभं राहणं मला तुमच्याइतकंच लागतं. दिवस कलला की विसर पडणाऱ्या बऱ्याच जणांचा जीव कासावीस होतो, ते घर शोधू लागतात. स्वतःच्या घरात राहणारेसुद्धा "घरी चला" म्हणतात. "हेच तुमचं घर" असं समजावलं की चिडचिड वाढते, म्हणून अंधारायच्या आधीच दिवे लावतो आणि घरी कोण कोण असतं ते विचारत सोबत चार फेऱ्या मारतो. त्या संध्याकाळी तुमच्या आईंसोबत कोणीच नव्हतं, हे तुम्ही पाहिलंत ते खरं. एक मावशी रजेवर होत्या आणि मी बदली लावली नव्हती.

'आजी'बद्दल मी त्यांनाच विचारलं. म्हणाल्या, "बाई म्हणा, सगळी शाळा म्हणायची." सोमवारपासून त्या बाई आहेत. एका मुलीच्या तोंडून अजून चुकून आजी निघतं, आणि त्या तिला दरवेळी दुरुस्त करतात.

वही कार्यालयात ठेवली आहे, हवी ती पानं वाचा, फोटो काढा. आईंना दुसरीकडे न्यायचं ठरवलंत तर औषधांचे कागद तर देऊच, शिवाय त्या कोणत्या कुशीवर झोपतात, पाणी कसं घेतात, कशाला घाबरतात हेही लिहून देऊ. येणार असाल तर पाचच्या सुमारास या. ती वेळ त्यांना सगळ्यात जड जाते.