पार्किन्सन, प्रोस्टेट आणि तो फॉरवर्ड

बाबांच्या तलावपाळीवरच्या ग्रुपवर परवा मेसेज आला: 'पार्किन्सनच्या माणसाने प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं की लघवी आयुष्यभर गळते. डॉक्टर हे सांगत नाहीत. ऑपरेशन टाळा, दुपारी चारनंतर पाणी बंद करा.' खाली हात जोडलेले. बाबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, तारीख रद्द कर. त्यांना पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली, प्रोस्टेट वाढून लघवी अडकल्यामुळे दोन महिने कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आहे. म्हणून मी हे लिहायला बसले.

'ऑपरेशन केलं की गळते.' कुठलं ऑपरेशन? कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढतात ते वेगळं, त्यानंतर काही महिने गळती होणं नेहमीचंच. बाबांचं आहे ते दुर्बिणीतून वाढलेला भाग खरवडून काढायचं, टीयूआरपी. 2009 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या 23 रुग्णांवर केलेल्या टीयूआरपीचा हिशोब छापला. 16 जणांना फायदा झाला, आणि ऑपरेशनमुळे नव्याने गळती एकालाही लागली नाही. 23 म्हणजे मूठभर माणसं, कबूल. पण 'सगळ्यांची गळते' याला एवढं पुरे.

मग ही भीती आली कुठून? हवेतून नाही. 1988 मधल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना खरंच गळतीचा त्रास झालेला दिसला होता. पण पार्किन्सनसारखाच दिसणारा एक आजार आहे, मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी. त्या काळी दोन्हींची सरमिसळ सहज व्हायची. लघवी रोखायला आत आणि बाहेर असे दोन स्नायू असतात. टीयूआरपीत आतला बराचसा जातो, मग सगळी मदार बाहेरच्यावर. या दुसऱ्या आजारात बाहेरच्या स्नायूला चालवणाऱ्या, कण्याच्या खालच्या टोकाकडच्या चेतापेशीच मरतात. त्या माणसाचं ऑपरेशन केलं तर गळणारच. पार्किन्सनमध्ये त्या पेशी बहुतेक शाबूत राहतात. तेव्हा सुरुवातीपासूनच लघवीचा त्रास, उभं राहिलं की चक्कर, सिंडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीचा, फारसा गुण नाही, असं असेल तर आधी न्यूरोलॉजिस्टला गाठा, कात्री नंतर.

मेसेजमध्ये खरं असू शकलं असतं ते वेगळंच. मूत्राशयाला 'आत्ता नको, थांब' म्हणणारा मेंदूतला ब्रेक पार्किन्सनमध्ये ढिला होतो. प्रोस्टेट खरवडून वाट मोकळी होते, ब्रेक दुरुस्त होत नाही. त्यामुळे आधीची घाई नंतरही राहू शकते, आणि लोक म्हणतात ऑपरेशनने बिघडवलं. म्हणून आधी यूरोडायनॅमिक्सची तपासणी करून अडथळा किती आणि घाई किती ते बघायचं. शिवाय कॅथेटर बसायच्या आधी बाबांचे निम्मे पायजमे ओले व्हायचे ते नाडीपायी. संडासाच्या दारात उभे, बोटं थरथरतायत, गाठ सुटत नाही. यात प्रोस्टेटचा काय दोष?

'डॉक्टर सांगत नाहीत.' आम्हाला सांगितलं. माझी तक्रार निराळी आहे: मागे एकदा ॲडमिट केलं तेव्हा वॉर्डात सिंडोपा त्यांच्या सोयीने मिळायची, दोन तास उशिरा, आणि बाबा लाकडासारखे आखडायचे. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून पलंगाला चिकटवा. आणि उलटीवर मेटोक्लोप्रमाइड देऊ नका, हेही त्यावर लिहा. त्याने पार्किन्सन वाढतो.

चारनंतर पाणी बंद? पार्किन्सनमध्ये बद्धकोष्ठ असतोच, तो वाढेल. उभं राहताना बीपी आधीच घसरतं, ते आणखी घसरेल. लघवी दाट होऊन जळजळ आणि इन्फेक्शन वेगळंच. दिवसभर नीट प्यावं, झोपायच्या आधी दोनेक तास हात आखडता घ्यावा, बस.

बाबांनी तारीख रद्द केलेली नाही. यूरोडायनॅमिक्स मंगळवारी आहे. काल गोखले रोडवरून इलॅस्टिक आणलं आणि सहाही पायजम्यांच्या नाड्या ओढून काढल्या.